माहीमचं गोड पाणी : जिभेची साक्ष आणि बातमीची खळबळ

१८ ऑगस्ट २००६च्या रात्री माहीमच्या किनाऱ्यावर माणसांची रीघ लागली. समुद्राचं पाणी गोड झालंय, एवढं एकच वाक्य तोंडोतोंडी आणि फोनवरून शहरभर फिरत होतं. लोक पाण्यात उतरून ओंजळीने ते पीत होते, प्लास्टिकच्या बाटल्या भरून घरी नेत होते. त्याच पाण्यावर पिशव्या आणि कचरा तरंगत होता. जवळच मखदूम अली माहिमी यांचा दर्गा आहे. ही बाबांचीच कृपा, असं म्हणत हिंदू-मुसलमान दोघेही येत राहिले. काही तासांतच गुजरातमध्ये वलसाडजवळच्या तिथल किनाऱ्यावरूनही तसाच दावा आला. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने पाणी पिऊ नका म्हणून बजावलं, महापालिकेने जंतुतपासणीचे आदेश दिले आणि गॅस्ट्रोची साथ येते की काय, या धास्तीने आरोग्ययंत्रणा सावध झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास पाणी पुन्हा खारट लागू लागलं, असं तिथले लोकच सांगू लागले. त्यानंतर एक-दोन दिवसांत उत्तर प्रदेशातून देवाच्या मूर्ती दूध पीत असल्याच्या बातम्या सुरू झाल्या आणि माहीम मागे पडलं.

हे प्रकरण मी अभ्यासाला घेतलं त्याचं कारण सांगतो. इंग्रजीत सेन्सेशनॅलिझम हा एकच शब्द दोन ठिकाणी वापरतात. तत्त्वज्ञानात त्याचा अर्थ संवेदनवाद : आपलं सगळं ज्ञान शेवटी इंद्रियांना मिळालेल्या संवेदनांतून येतं, ही भूमिका. पत्रकारितेत त्याचा अर्थ सनसनाटी, खळबळ उडवून देण्यासाठी बातमी तापवणं. आपल्याकडे दोन्हींना वेगळे शब्द आहेत, त्यामुळे त्यांचा एकमेकांशी संबंध असेल असं सहसा मनात येत नाही. माहीमला मात्र दोन्ही एकाच रात्री, एकाच किनाऱ्यावर उभे होते. हजारो लोकांनी स्वतःच्या जिभेने चव घेतली होती आणि शेकडो मैलांवरच्या लोकांनी ती चव टीव्हीवर पाहिली होती. सनसनाटी बातमीचा दोष तिच्यात संवेदना फार असते हा नाही. ती संवेदनेशी पुरेशी प्रामाणिक राहत नाही, हा तिचा खरा दोष आहे, असं माझं ठाम मत आहे. माहीममध्ये ते जितकं स्पष्ट दिसतं तितकं दुसऱ्या कुठल्या प्रकरणात मला दिसलेलं नाही.

पाण्याचं काय झालं होतं

आधी पाण्याकडे बघू. विहार आणि पवई तलावांचं ओसंडणारं पाणी घेऊन निघणारी मिठी नदी सुमारे १८ किलोमीटर वाहून माहीमच्या खाडीत समुद्राला मिळते. वाटेत कुर्ला, वांद्रे-कुर्ला संकुल, धारावी. वस्त्यांचं मैलापाणी, कारखान्यांचं आणि गॅरेजांचं सांडपाणी तिच्यात सतत पडतं. देशातल्या सर्वांत घाण खाड्यांत माहीमची गणना होते. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा हीच मिठी लोकांच्या घरांत शिरली होती. म्हणजे मुंबईकर या पाण्याला ओळखत नव्हते असं मुळीच नाही.

ऑगस्ट म्हणजे भर पावसाळा. गोडं पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं असतं. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, आणि तेवढ्या वजनाच्या फरकाने नदीचं पाणी समुद्राच्या पाण्यावर थर धरून राहू शकतं. वारा आणि भरती-ओहोटीचा जोर असला तर दोन्ही थर ढवळून निघतात. जोर कमी असला तर वरचा थर बराच वेळ टिकतो. गोकुळाष्टमी १६ ऑगस्टला होऊन गेली होती, म्हणजे हे अष्टमीनंतरचे, भांगाचे, म्हणजे मंद भरती-ओहोटीचे दिवस. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणासारखी ओढ भांगाला नसते. मिठीतून पाणी सारखं येतंय आणि समुद्राची घुसळण मंद आहे, अशा वेळी खाडीच्या तोंडाशी वरच्या वीतभर पाण्याची चव बदलली तर त्यात नवल नाही. महापालिकेचा अंदाजही याच दिशेचा होता : मिठीतून सतत येणाऱ्या पाण्यामुळे हे झालं असावं. आयआयटी मुंबईतल्या भूवैज्ञानिकांनी आणखी एक शक्यता मांडली, जमिनीखालच्या गोड्या पाण्याचा मोठा साठा खडकातल्या भेगेतून समुद्रात मोकळा झाला असावा अशी. दोन्ही खुलाशांत एक गोष्ट समान आहे. हलकं पाणी वर तरंगतं आणि हळूहळू खाऱ्यात मिसळून जातं.

हे घरी करून बघण्यासारखं आहे. काचेच्या उभ्या पेल्यात अर्ध्यापर्यंत पाणी घेऊन त्यात दोन-तीन चमचे मीठ विरघळवायचं, वर चिमूटभर हळद टाकून ढवळायचं. मग पाण्याच्या पृष्ठभागाला चमच्याची पाठ टेकवून तिच्यावरून साधं पाणी अगदी संथ धारेने सोडायचं. घाई केली तर सगळं एक होतं. धीराने केलं तर खाली पिवळं आणि वर नितळ असे दोन थर राहतात, मधली सीमा डोळ्यांना दिसते. वरच्या थरात बोट बुडवून चाखलं तर पाणी जवळजवळ गोडं लागतं. स्ट्रॉ तळापर्यंत नेऊन एक घोट ओढला तर तोंड वाकडं होतं. पेला एकच, जीभ तीच, आणि दोन्ही साक्षी खऱ्या. ‘या पेल्यातलं पाणी गोडं आहे की खारं?’ हा प्रश्नच मुळात अर्धवट आहे. कुठून घेतलेलं, किती खोलीवरचं, किती वाजता घेतलेलं, हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

जीभ काय म्हणाली

संवेदनवादाचा सर्वांत कडक मांडणीकार म्हणजे फ्रेंच विचारवंत कोंदियाक. १७५४ साली त्याने एक कल्पना मांडली. संगमरवराचा पुतळा आहे, आतून माणसासारखा, पण एकही संवेदना अजून त्याच्यापर्यंत पोचलेली नाही. आता त्याला फक्त वास द्या, गुलाबाचा. कोंदियाक म्हणतो, त्या पुतळ्याला ‘इथे गुलाब आहे’ हे कळणार नाही. त्याच्यापुरता तो स्वतःच गुलाबाचा वास असेल. लक्ष, आठवण, तुलना, इच्छा हे सगळं त्या संवेदनेतूनच पुढे घडत जातं, पण आपल्याबाहेर काही वस्तू आहे हे त्याला शिकवतो तो स्पर्श, आणि तोही बऱ्याच नंतर. मला या मांडणीतला सगळ्यात मोलाचा भाग हा संयम वाटतो. वास आला आणि गुलाब आहे, या दोन वाक्यांत किती अंतर आहे हे कोंदियाक पानोपानी मोजत जातो. माहीमला ‘माझ्या जिभेला हे कमी खारट लागलं’ इथपासून ‘समुद्र गोड झाला’ इथपर्यंतचं अंतर एका दमात कापलं गेलं.

त्याच्या आधी, सतराव्या शतकाच्या अखेरीस, इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने साधं निरीक्षण नोंदवलं होतं. एक हात गार असेल आणि दुसरा गरम, तर एकच पाणी एकाच वेळी एका हाताला कोमट आणि दुसऱ्याला थंड लागू शकतं. चवीचंही तसंच आहे. समुद्राचं पाणी म्हटलं की जीभ खारटपणाच्या तयारीत असते. तोंडात गेलेलं पाणी त्या तयारीच्या मानाने फिकं निघालं की ‘गोड’ हाच शब्द तोंडून येतो. त्यात कोकणात आणि मुंबईत गोडं पाणी म्हणजे साखरेचं पाणी नव्हेच. गोड्या पाण्याची विहीर म्हणजे जिचं पाणी खारं नाही ती. मधल्या पाण्यासाठी आपल्याकडे चांगला शब्द आहे : मचूळ. त्या रात्री खाडीवरची बहुतेक ओंजळ मचूळ असणार. पण मचूळ पाणी बघायला रात्री कोणी घरातून निघत नाही.

आपल्या परंपरेत या प्रश्नाचा विचार फार बारकाईने झाला आहे. न्याय या तर्कप्रधान दर्शनाच्या मूळ ग्रंथातली, म्हणजे न्यायसूत्रांतली, प्रत्यक्षाची व्याख्या अशी : ‘इन्द्रियार्थसन्निकर्षोत्पन्नं ज्ञानमव्यपदेश्यमव्यभिचारि व्यवसायात्मकं प्रत्यक्षम्’. इंद्रियाचा वस्तूशी संबंध येऊन उपजलेलं, शब्दात न बांधलेलं, न चुकणारं, निश्चित ज्ञान ते प्रत्यक्ष. यातल्या ‘अव्यपदेश्य’ या अटीवर टीकाकारांनी पुष्कळ वाद घातले, पण आपल्या प्रकरणाला तिचा साधा अर्थ पुरतो. पाणी जिभेला लागतं त्या क्षणाचं ज्ञान नाव लागण्याच्या आधीचं आहे. ‘गोड’ हे नाव नंतरचं, ‘चमत्कार’ हे त्याच्याही नंतरचं. बौद्ध तार्किक दिङ्नाग तर प्रत्यक्षाला ‘कल्पनापोढ’ म्हणतो, म्हणजे ज्याला नावाची, जातीची कसलीही जोड लागलेली नाही ते. या हिशेबाने माहीमच्या लोकांना झालेलं प्रत्यक्ष शुद्ध होतं. त्यांच्या जिभेने कोणाला फसवलं नाही, आणि त्या लोकांना अडाणी ठरवून मोकळं होणं मला अन्यायाचं वाटतं. त्यांनी निदान स्वतः पाणी चाखून पाहिलं होतं.

चार्वाकाला तिथे उभा केला तर काय म्हणेल? प्रत्यक्षापलीकडे त्याला काही मान्य नाही. ‘ही ओंजळ कमी खारट आहे’ इथे तो थांबेल. बाबांची कृपा हे अनुमान, तो झटकून टाकेल. पण मग मिठीचं पाणी, घनतेचे थर, भांगाची मंद भरती हेही अनुमानच. तेसुद्धा त्याला सोडावं लागेल. कडक संवेदनवाद चमत्कारापासून वाचवतो आणि खुलाशापासूनही वंचित ठेवतो. इथे माझी सहानुभूती नैयायिकांकडे, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्यांकडे जाते. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान (साम्यावरून होणारं ज्ञान) आणि शब्द अशी चार प्रमाणं, म्हणजे ज्ञानाची साधनं, ते मानतात आणि प्रत्येकाला स्वतंत्र कसोट्या लावतात. त्यातलं शब्द हे चौथं प्रमाण सरळ बातमीच्या धंद्यात येऊन पोचतं.

कॅमेरा आल्यावर

२००६च्या पावसाळ्यात टीव्हीवरच्या बातम्यांचं जग नवं नव्हतं, पण भुकेलं होतं. चोवीस तास चालणाऱ्या हिंदी वाहिन्या एकमेकींच्या उरावर बसल्या होत्या आणि टीआरपीचे आकडे दर आठवड्याला येत होते. जुलैमध्येच हरियाणात बोअरवेलमध्ये पडलेल्या मुलाच्या सुटकेचं थेट प्रक्षेपण सुमारे दोन दिवस चाललं होतं आणि अख्खा देश पडद्यासमोर खिळून बसला होता. एकाच जागी रोखलेला कॅमेरा आणि शेवट माहीत नसलेली घटना, हे किती पाहिलं जातं ते सगळ्यांना कळून चुकलं होतं. मुंबईपुरतं आणखी एक सांगायला हवं. ११ जुलैला लोकलमध्ये बाँबस्फोट झाले, त्यात माहीम स्थानकही होतं. सव्वा महिन्यानंतर त्याच माहीममध्ये सगळे धर्म एकत्र येऊन काही मंगल घडतंय म्हणत होते. लोकांना ही बातमी हवीशी का वाटली असेल, ते मी समजू शकतो.

आता टीव्हीसमोर बसलेल्या माणसाचा विचार करा. त्याने स्वतःच्या डोळ्यांनी काय पाहिलं? एक माणूस ओंजळ तोंडाला लावतो, त्याचा चेहरा उजळतो, तो म्हणतो पाणी गोड आहे. माणूस, ओंजळ आणि चेहरा हे त्या प्रेक्षकाचं प्रत्यक्ष. पाण्याची चव मात्र तारेतून येत नाही. गोडवा त्याच्यापर्यंत पोचला तो दुसऱ्याच्या शब्दातून. पण दृश्य इतकं जवळचं आणि जिवंत असतं की ऐकलेल्या गोष्टीला पाहिलेल्या गोष्टीचं वजन येतं. ‘मी स्वतः टीव्हीवर पाहिलं’ असं सांगणारा माणूस खोटं बोलत नसतो. एका प्रमाणाचा माल दुसऱ्याच्या नावावर खपवला गेलाय हे त्याच्या ध्यानात आलेलं नसतं, इतकंच. सनसनाटीची सगळी कारागिरी या अदलाबदलीत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये पुलित्झर आणि हर्स्ट यांच्या वृत्तपत्रांनी हाच उद्योग मोठ्या टाइपातल्या मथळ्यांनी आणि चित्रांनी केला आणि त्याला पीत पत्रकारिता हे नाव पडलं. कॅमेऱ्याने ती अदलाबदल डोळ्यांना दिसेनाशी केली.

न्यायसूत्रं शब्दप्रमाणाची व्याख्या दोनच शब्दांत करतात : ‘आप्तोपदेशः शब्दः’. विश्वासार्ह माणसाचं सांगणं ते शब्दप्रमाण. आप्त कोण? न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन उत्तर देतो : ज्याने ती गोष्ट स्वतः साक्षात जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगावी, एवढीच ज्याची इच्छा आहे तो. पुढे तो म्हणतो, हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ सगळ्यांना सारखंच लागू आहे. अधिकार जन्माने किंवा हुद्द्याने येत नाही, या दोन अटींनी येतो. दीड हजार वर्षांहून जुनी ही वाक्यं आजही वार्ताहराच्या पहिल्या धड्यात घालावीत अशी आहेत. माहीमच्या किनाऱ्यावरचा माणूस आपल्या ओंजळीपुरता आप्त होता. अख्ख्या समुद्राबद्दल तो आप्त नव्हता, आणि पाणी का बदललं याबद्दल तर नव्हताच. वाहिनीने त्याला तिन्ही गोष्टींचा साक्षीदार करून टाकलं. दुसरी अटही मोडली, कारण जसं जाणलं तसंच सांगायची इच्छा आणि प्रेक्षकाला खिळवून ठेवायची इच्छा एकाच तोंडी फार वेळ नांदत नाहीत.

जे जिभेला कळत नाही

या प्रकरणातली सगळ्यात गंभीर बाब चवीची नाहीच. जिभेला मीठ कळतं, जंतू कळत नाहीत. कॉलरा, कावीळ, टायफॉइड पसरवणारं पाणी बिनचव आणि नितळ असू शकतं. उलट खाडीचं पाणी जितकं ‘गोड’, तितकं त्यात मिठीचं पाणी जास्त, आणि मिठीचं पाणी जितकं जास्त तितका मैला जास्त. ज्या खुणेला लोक कृपा म्हणत होते तीच धोक्याची खूण होती. हे एक वाक्य त्या रात्री पडद्यावर सतत राहिलं असतं तर किती बाटल्या तिथेच रिकाम्या झाल्या असत्या!

प्रदूषण मंडळाचा इशारा आला, पण तो दृश्य नसलेला होता. पाणी पिणारा माणूस दाखवता येतो, जंतू दाखवता येत नाही. जे दाखवता येतं तेच खरं मानायची सवय लागलेल्या माध्यमात इशारा नेहमी मागे पडतो. १९९५च्या सप्टेंबरमध्ये गणपती दूध पितो ही बातमी देशभर पसरली तेव्हा केंद्र सरकारच्या विज्ञान प्रसार परिषदेच्या शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळला आणि ते पृष्ठताणामुळे चमच्यातून ओढलं जाऊन मूर्तीच्या अंगावरून पातळ थराने खाली उतरतं, हे डोळ्यांना दाखवलं. रंग घालणं ही किती साधी युक्ती. जे दिसत नव्हतं ते दिसू लागलं. डोळ्यांची साक्ष खोटी ठरवायची गरज पडली नाही, तिला आणखी एक साक्ष जोडली. खळबळीवर उपाय म्हणून लोकांना ‘डोळ्यांवर विश्वास ठेवू नका’ असं सांगणं मला चुकीचं वाटतं. डोळ्यांना अजून थोडं काम द्यावं.

नियमांचं काय, असा प्रश्न येईल. २००७मध्ये वृत्तवाहिन्यांची संघटना झाली आणि २००८पासून स्वयंनियमनाची आचारसंहिता आली. अंधश्रद्धेचा पुरस्कार करू नये, असं तीत स्पष्ट आहे. पण माहीमची बातमी त्या कलमात सापडली नसती. वार्ताहराला पुरस्कार करावा लागतच नाही. तो नुसता विचारतो, ‘हा चमत्कार आहे का?’, आणि समोरचा हो म्हणतो. प्रश्नचिन्हाच्या आडोशाला बसलेली सनसनाटी कुठल्याच संहितेच्या हाती लागत नाही.

मग बातमी द्यायचीच नव्हती का? द्यायलाच हवी होती. हजारो माणसं रात्री खाडीचं पाणी पितात ही मोठी बातमी आहे. ती अशीही लिहिता आली असती :

‘माहीम खाडीच्या तोंडाशी वरवरचं पाणी नेहमीपेक्षा कमी खारट लागत असल्याचं तिथे जमलेल्या अनेकांनी सांगितलं. मिठी नदीतून सतत पाणी येत असल्याने असं झालं असावं, असा महापालिकेचा अंदाज आहे. खोलवरचं पाणी अजून तपासलेलं नाही. या खाडीत मैलापाणी मिसळतं. चव बदलली तरी ते पिण्याजोगं झालेलं नाही. हे पाणी पिऊ नये, असं प्रदूषण नियंत्रण मंडळाने बजावलं आहे. जंतुतपासणीचा अहवाल यायचा आहे.’

यातल्या प्रत्येक वाक्यामागे कोण उभं आहे ते कळतं : चाखणारा, अंदाज करणारा, तपासणारा. अशी बातमी कोण बघेल, हा आक्षेप मी ऐकलेला आहे आणि तो मला मान्य नाही. एखाद्या वार्ताहराने नावेतून जाऊन एक बाटली पृष्ठभागावरून आणि एक दोन मीटर खोलीवरून भरली असती, फिल्टरवाल्यांकडे असतं तसलं, पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं टीडीएस मीटर दोन्हींत कॅमेऱ्यासमोर बुडवलं असतं, तर त्या आकड्यांतली तफावत पाहायला लोक थांबले असते. खालचं पाणी थोडं पातळ केल्याशिवाय मीटरने वाचताही आलं नसतं कदाचित, आणि तेही दाखवण्यासारखंच होतं. पाणी पुन्हा खारट झालं ती दुपार तर सोन्यासारखी होती. दर तासाला त्याच जागेवर नमुना घेतला असता तर शनिवारी दोन वाजेपर्यंत क्षार कसे चढत गेले याचा आलेख हाती आला असता, शेजारी त्या दिवसाचं भरती-ओहोटीचं कोष्टक ठेवता आलं असतं, आणि मिठी की जमिनीखालचा साठा या प्रश्नालाही काही आधार मिळाला असता.